एकशेऐंशीवर थांबायचं

लाकूड घासायला मी चार दिवसांत शिकलो होतो. कुठे थांबायचं ते शिकायला नऊ वर्षं गेली.

नवीन माणसाला वाटतं, लाकूड जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. व्हार्निश मारायचं असेल तर गोष्ट वेगळी. व्हार्निश वर बसतं, कातडीसारखं. तेल आत जातं. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी, आणि तेलाला त्या नळ्यांची तोंडं उघडी लागतात. पॉलिश पेपरचा नंबर वाढतो तसे ओरखडे बारीक होत जातात. ऐंशी नंबरचे ओरखडे डोळ्यांना दिसतात, एकशेवीसचे नखाला लागतात, एकशेऐंशीचे फक्त बोटाच्या टोकाला कळतात. तिथे थांबायचं. त्यापुढे चारशे, सहाशे करत गेलात तर लाकूड चमकतं खरं, पण नळ्यांची तोंडं मिटतात. मग तेल लावा, पाव तास थांबा आणि पुसा, बरंचसं तेल फडक्यात परत येतं. अक्रोडाच्या लाकडावर हे लगेच दिसतं. नीट घासलेला भाग तेल पिऊन गडद होतो, जास्त घासलेला भाग दूध जास्त पडलेल्या चहासारखा फिका राहतो.

फळीची टोकं मात्र वेगळी. तिथे नळ्या थेट कापलेल्या असतात, त्यामुळे टोक जास्त पितं आणि काळं पडतं. म्हणून टोकं मुद्दाम एक-दोन नंबर जास्त बारीक घासायची, म्हणजे सगळं टेबल एका रंगाचं होतं.

हे सगळं मी माझ्या नातीला ती सहा वर्षांची असताना सांगितलं होतं, आणि तिला ते कळलं होतं. तिचं प्रत्येक वाक्य 'पण' ने सुरू होतं, म्हणून घरात तिला पणती म्हणतात. नात असून पणती. शाळा सुटली की ती थेट कारखान्यात यायची आणि आम्ही खेळ खेळायचो. एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं घासलेला तुकडा हातात द्यायचा, आणि बोट फिरवून नंबर ओळखायचा. पणती आठव्या वर्षी दहातले सात बरोबर सांगायची. मी दहाच्या दहा.

मग एक दिवस ती म्हणाली, "आजोबा, आता तुमची पाळी," आणि मी डोळे मिटले. तिनं तुकडा हातात ठेवला. मी बोटं फिरवली. खरखरीतही लागेना, मऊही लागेना. हातमोजा घालून भिंत चाचपावी तसं वाटलं.

"दोनशेवीस," मी म्हणालो.

ती खदाखदा हसली. "ऐंशी! ऐंशी होता तो! आजोबा मुद्दाम चुकतात!"

"तुझी परीक्षा घेत होतो," मी म्हणालो आणि मीही हसलो.

डॉक्टरांनी बोटांना टाचणी टोचून पाहिली. मी दुसरीकडे बघत होतो, मला कळलं नाही. "नसा थकल्यात," ते म्हणाले. "परत येतील असं मी सांगणार नाही. काम काय करता?" मी म्हणालो, निवृत्त आहे.

निवृत्त मी नव्हतो. कारखाना लेकीनं हातात घेऊन सहा वर्षं झाली होती. गिऱ्हाईक, लाकडाची खरेदी, जोडकाम, सगळं तिचं. घासकाम माझं. तिची आई गेल्यापासून घरात मला कुणी काही विचारत नसे, आणि विचारावं असं माझ्याकडे काही राहिलंही नव्हतं. कारखान्यात मात्र माणसं अजून फळी घेऊन यायची आणि म्हणायची, मिस्त्री, जरा हात लावून बघा. आणि कारखान्यात एक नियम होता: ज्याला लागलेलं कळत नाही, त्यानं हत्याराला हात लावायचा नाही. हा नियम मीच केला होता, आणि लेक तो माझ्यापेक्षा कडक पाळायची. मी तिला सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी माझा एप्रन खुंटीवरून उतरला असता.

म्हणून मी सांगितलं नाही.

आठ महिने मी कानांवर काम केलं. पॉलिश पेपरला आवाज असतो. ऐंशी खरखरतो. एकशेवीस जरा दाटून बोलतो. एकशेऐंशीचा आवाज झोपलेल्या मुलाच्या श्वासासारखा, एकसारखा. चारशेचा जवळजवळ येतच नाही. झिजलेला पेपर एकदम गप्प होतो, मग तो टाकायचा. माझ्या पेटीत पेपरचे तुकडे असायचे, एका तावाचे आठ. नंबर मागच्या बाजूला एका कोपऱ्यात छापलेला. तो एका तुकड्यावर जायचा, सात कोरे राहायचे. चाळीस वर्षं मला त्या नंबराची गरज पडली नव्हती, आणि आता अचानक चष्मा लावून तुकडे निवडत बसलो असतो तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. मी फळीच्या कडेला एकदा पेपर ओढायचो, ऐकायचो आणि कामाला लागायचो. कुणालाही संशय आला नाही.

एकाला आला असावा. आमच्याकडे तेलकाम करणारा माणूस होता, चाळिशीतला, सोळा वर्षांपासूनचा. त्याचं खरं नाव फक्त हजेरीच्या वहीत असायचं. सगळे त्याला सावकाश म्हणायचे, कारण तो कुठलंच काम घाईनं करत नसे. सकाळी लेक विचारायची, "सावकाश आले का?" आणि कुणीतरी म्हणायचं, "येतायत सावकाश." रोज तोच विनोद, आणि रोज तो स्वतःही दारातून आत येता येता हसायचा. तेलाचं फडकं तो गोल गोल असं फिरवायचा की बघणाऱ्याला जांभई यावी. काम संपलं की तेलकट फडकी एकेक करून तारेवर पसरायचा. गोळा करून ठेवली तर आपोआप पेट घेतात, हे तो नवीन माणसाला दर वेळी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं सांगायचा. बोलायचा कमी. पण अलीकडे मी पेपर कडेला ओढून ऐकत असलो की तो हातातलं काम थांबवायचा. मला आवाज नीट यावा म्हणून थांबायचा की काय, असं मला एकदा वाटून गेलं होतं.

त्याच सुमाराला वाचनालयाचं टेबल आलं.

बारा माणसांचं टेबल, सगळं अक्रोडाचं, मधे एकही सांधा दिसता कामा नये. मुलांच्या विभागात ठेवायचं होतं. लेकीनं त्याच्यासाठी तीन महिने फळ्या निवडल्या होत्या. एवढं मोठं काम आमच्याकडे पहिल्यांदाच येत होतं, आणि ते बघायला गावभरची माणसं रोज येणार होती. तिनं जोडकाम असं केलं की मी चष्मा लावूनही सांधा शोधू शकलो नाही. मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आता तुमचं."

त्याच आठवड्यात तिनं भुसा ओढणारं मशीन आणलं होतं. माझ्या खोकल्यासाठी. भिंतीला लावलेला मोठा पंखा आणि त्याला जाडजूड नळी. सुरू केलं की हवा स्वच्छ व्हायची आणि आवाज असा की शेजारी उभ्या माणसालाही ओरडून सांगावं लागायचं.

पहिल्या दिवशी मी ते बंद केलं. लेक आतून आली. "बाबा, बंद का केलंत?"

"डोकं उठतं गं."

"आणि छाती? डॉक्टरांनी काय सांगितलंय?" तिनं बटण दाबलं. "सवय होईल. माझ्यासाठी म्हणून चालू ठेवा."

तिच्यासाठी म्हणून मी चालू ठेवलं. पेपर कडेला ओढला. काही ऐकू आलं नाही. बोटं फिरवली. काही लागलं नाही. मी त्या टेबलाच्या मधोमध उभा होतो, हातात करड्या रंगाचा एक कोरा तुकडा, आणि तो एकशेऐंशी आहे की चारशे हे मला सांगता येत नव्हतं. लेकीला हाक मारायला ती वेळ होती. मी मारली नाही. मी अंदाजानं घासायला लागलो. कडेला सवयीनं हात बरोबर पडला असावा. मधे मात्र मला सारखं वाटत राहिलं की ओरखडे राहिलेत, अजून थोडं, अजून थोडं. दोन दिवस मी तसं घासलं. नवशिक्याला मी ज्यासाठी ओरडायचो, तेच केलं.

तिसऱ्या दिवशी सावकाश तेलाचा डबा घेऊन आला. त्यानं आधी नेहमीप्रमाणे टेबलावर तळहात फिरवला. मधे आल्यावर त्याचा हात थांबला. तो मशीनपाशी गेला, त्यानं ते बंद केलं आणि हळूच म्हणाला, "मिस्त्री, हे मधलं जरा जास्त नाही ना झालं? हात घसरतोय."

"तुझा हात घसरत असेल. लाव तेल."

"वरून एकदा एकशेऐंशी फिरवू का? अर्धा दिवस जाईल फार तर."

"सोळा वर्षं झाली. आता तू मला शिकव."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहून फडकं तेलात बुडवलं. तेवढ्यात लेक आतून ओरडली, "सावकाश, आजच्या दिवस नावाला जागू नका हं! परवा ग्रंथपाल बाई बघायला येणार आहेत."

"नाही ताई," तो म्हणाला. "हात चालवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उजेड टेबलावर पडला आणि मला ते दिसलं. कडा गडद, सुंदर, जशा व्हायला हव्यात तशा. मधे मात्र फिके पट्टे, कुठे ताटाएवढे, कुठे हातभर लांब, कडांना पुसट होत गेलेले. सावकाश आधीच तिथे उभा होता. त्यानं तेलाचा दुसरा हात दिला. माझ्यासाठी दिला असं मला वाटतं, कारण तेलाचा दुसरा हात देऊन मिटलेलं लाकूड उघडत नाही हे त्याला ठाऊक होतं. पट्टे तसेच राहिले. लेक आदल्या संध्याकाळीच दुसऱ्या गावी लाकूड बघायला गेली होती. तिनं ते टेबल पाहिलं ते ग्रंथपाल बाईंबरोबरच.

बाई सभ्य होत्या. टेबलाभोवती एक चक्कर मारून त्यांनी विचारलं, "हे दोन वेगवेगळ्या लाकडांचं आहे का?"

लेक वाकून मधले पट्टे बघत होती.

"म्हणजे मला यातलं कळत नाही," त्या म्हणाल्या, "पण मुलं विचारतील ना, इथे काय सांडलं म्हणून."

लेकीनं त्यांना दारापर्यंत पोचवलं, पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि परत आली. तिचा आवाज चढलेला नव्हता. तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं.

"सावकाश, तेल लावून किती वेळानं पुसलंत?"

"पाव तासानं, ताई."

"घड्याळ बघितलंत?"

"घड्याळ मी कधी..."

"मी घाई करा म्हणाले म्हणून तुम्ही लावलं आणि पुसून टाकलं. शिरलंच नाही ते आत. आयुष्यात एकदा घाई केलीत, ती नेमकी इथे?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही, एखादा श्वास घ्यायला लागतो तेवढाच वेळ. मी हातातला घासायचा ठोकळा ब्रशनं साफ करत होतो. तो आधीच स्वच्छ होता.

"बाबा, तुम्ही इथेच होतात. किती वेळानं पुसलं यांनी?"

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

सावकाशनं फडकी तारेवर पसरली, एकेक करून. डब्याचं झाकण लावलं. एप्रनची घडी घातली. "येतो, ताई," तो म्हणाला. जाताना सगळेच 'येतो' म्हणतात, म्हणून मी त्याचा वेगळा काही अर्थ लावला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. लेक दाराकडे बघून म्हणाली, "येतील सावकाश," आणि कुणी हसलं नाही. चार दिवस गेले. तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. ती दुसऱ्या कामाच्या चौकटी जोडत राहिली, आणि ते टेबल चादरीखाली झाकलेलं मधे पडून राहिलं. मी त्याच्या बाजूनं जाताना वळसा घालायचो.

शनिवारी पणती आली. तिनं चादर उचलून आत डोकावलं. "पण आजोबा, सावकाशकाकांनी नक्की काय चुकवलं?"

मी तिला समजावलं. आजवर तिला हजार गोष्टी समजावल्या होत्या, तशीच ही. तेल लावलं की लाकडाला प्यायला वेळ द्यावा लागतो. लवकर पुसलं तर ते आत जात नाही, आणि रंग फिका राहतो. मी शांतपणे सांगितलं, नळ्यांचं चित्रही काढून दाखवलं. तिनं मान डोलावली. लाकडाबद्दल मी तिला खोटं सांगण्याची ती पहिली वेळ होती.

"पण मला बघायचंय."

नाही कसं म्हणणार? काही सांगितलं की करून बघायचं, ही सवय मीच लावली होती. तिनं त्याच टेबलाच्या फळीतून उरलेले दोन तुकडे घेतले. पेटीतून नंबर छापलेला तुकडा शोधून काढला आणि दोन्ही तुकडे एकशेऐंशीवर घासले, जीभ दातांत धरून. दोन्हींना तेल लावलं. एक साठ आकडे मोजून पुसला. दुसरा घड्याळ लावून पाव तासानं. मागे पेन्सिलीनं लिहिलं: घाई, सावकाश.

रविवारी सकाळी ती माझ्या खोलीत आली. तुकडे माझ्या पांघरुणावर ठेवले.

"पण आजोबा, हे सारखेच झालेत."

मी चष्मा लावला. दोन्ही गडद. पाठीवरचं नाव वाचल्याशिवाय ओळखता येऊ नयेत इतके सारखे. लाकूड उघडं असलं की पहिल्या मिनिटातच पोटभर पितं. पुढच्या पाव तासानं रंगात फारसा फरक पडत नाही. हे मला माहीत होतं. चाळीस वर्षं माहीत होतं.

"मग टेबल फिकं का झालं?" ती म्हणाली. "तुम्ही सांगितलं ते चुकीचं आहे का?"

मी तिला सांगू शकलो असतो की थंडी होती, तेल जुनं होतं, फळीच तशी होती. तिनं मान डोलावली असती, आणि ते तिच्या डोक्यात कायमचं राहिलं असतं. पुढे कधीतरी तिनं ते दुसऱ्या कुणाला शिकवलं असतं. लेकीसमोर मी गप्प राहू शकलो होतो. या पोरीला लाकडाबद्दल चुकीचं शिकवणं मात्र माझ्यानं होईना.

"चल," मी म्हणालो.

कारखाना बंद होता. मी तिला तिसरा तुकडा दिला आणि चारशेचा पेपर शोधून दिला. "घास. मी थांब म्हणेपर्यंत." ती घासत राहिली, हात दुखले तेव्हा हात बदलून घासत राहिली. तुकडा काचेसारखा झाला. तेल लावलं, पाव तास थांबलो, पुसलं. तिनं चादर बाजूला केली आणि तो तुकडा फिक्या पट्ट्यावर ठेवला. रंगाला रंग मिळाला.

"तस्संच!" ती ओरडली. मग तिचा चेहरा विचारात पडला. "पण मग ही तेलाची चूक नाहीच. घासायची आहे. पण घासतं कोण?"

"मी."

"मुद्दाम?"

"नाही. मला कळलं नाही."

ती माझ्या हातांकडे बघत राहिली. "त्या दिवशी ऐंशीला दोनशेवीस म्हणालात, तेव्हापण नव्हतं कळलं?"

"तेव्हापण नव्हतं."

तिनं तिन्ही तुकडे फ्रॉकच्या खिशात टाकले. "आईला सांगू या," ती म्हणाली, जणू शाळेत बक्षीस मिळालं होतं. मग बहुतेक तिला माझा चेहरा दिसला, कारण तिनं माझं बोट धरलं. तिनं धरलंय हे मला बघून कळलं.

लेक स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. पणतीनं तुकडे ओट्यावर मांडले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून, क्रमानं, मी शिकवलं होतं तसं. लेक ऐकत होती. तिनं फडकं खाली ठेवलं. "तू बाहेर खेळ जरा," ती पोरीला म्हणाली.

मग माझ्याकडे वळली. "किती दिवस झाले?"

"आठेक महिने. थोडंसंच आहे तसं. अगदीच काही कळत नाही असं नाही."

"डोळे मिटा."

मी मिटले.

"आता लागतंय?"

"हो," मी म्हणालो. "थोडं."

तिचा आवाज लांबून आला. "मी हात लावलेलाच नाही, बाबा."

मी डोळे उघडले तेव्हा ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. आठ महिने मी करवतीजवळ उभा राहत होतो, पटाशी हातात घेत होतो, याचा हिशेब ती मनात करत असावी. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "आणि त्यांना मी काय काय बोलले. तुम्ही तिथेच उभे होतात ना?"

"चूक झाली."

तिनं सावकाशच्या घरी फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. तो दारांच्या फॅक्टरीत लागला होता, गुरुवारपासून. लेकीनं फोन ठेवला. "तुम्ही जा," ती म्हणाली. "मी जाईनच. पण आधी तुम्ही जा. आणि एप्रन मला द्या."

पाच दिवस टाळून मी गेलो. दारांची फॅक्टरी गावाबाहेर आहे, लांबच लांब पत्र्याची. तिथे कुणी लाकडाला तेल लावत नाही. भुशाच्या दाबलेल्या पट्ट्यांची दारं एका टोकाला आत जातात, यंत्र ती घासतं, यंत्रच त्यावर जाड चकचकीत रंग फवारतं, आणि दुसऱ्या टोकाला ती बाहेर येतात, एकासारखी एक. किती नंबरवर थांबायचं हे कुणालाही ठरवावं लागत नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं निरोप पाठवला, आणि जेवणाच्या सुट्टीत सावकाश बाहेर आला. निळा गणवेश, डोक्यावर जाळीची टोपी. त्याची चाल भराभर झाली होती. मला ते बघवलं नाही.

"मिस्त्री, तुम्ही का आलात? बसा ना," तो म्हणाला. बसायला काही नव्हतं, तरी म्हणाला. आम्ही भिंतीच्या सावलीत उभे राहिलो. त्यानं पणतीची चौकशी केली. माझ्या खोकल्याची केली.

"लेकीला सगळं कळलंय," मी म्हणालो. "तुझी काही चूक नव्हती. ती येणार आहे तुझ्याकडे. तू परत ये."

"ताईंवर माझा राग नाही. त्यांना जे दिसलं ते त्या बोलल्या."

"मग ये."

त्यानं मान हलवली. "टेबलाचं काय केलं?"

"सगळं परत एकशेवीसवर नेऊन एकशेऐंशीवर आणलं तिनं. एकटीनं. चार दिवस लागले. परवा तेल लावणार."

"टोकं?"

"दोनशेवीस."

"बरोबर," तो म्हणाला, आणि क्षणभर तो जुना सावकाश होता, तळहात हवेत टेबलावरून फिरवल्यासारखा हलला. मग त्यानं हात खिशात घातला.

"माझ्या हातात आता काम नाही," मी म्हणालो. "माझी जागा रिकामी आहे. घासकाम तूच कर, तेलही तूच. चूक झाली रे. माणसाकडून होते."

"झाली," तो म्हणाला. "तुम्ही 'झाली' म्हणताय, मिस्त्री. ती काय आपली आपण झाली?"

आत यंत्राचा भोंगा वाजला. त्यानं मागे वळून पाहिलं.

"मी केली," मी म्हणालो. "मी केली, आणि तुझ्यावर ढकलली."

"तुमच्या बोटांना कळत नाही हे मला दिवाणखान्याच्या कपाटापासून माहीत होतं," तो म्हणाला. "पाच महिने झाले त्याला. मी कुणाला बोललो नाही. म्हटलं, मिस्त्री स्वतः सांगतील तेव्हा सांगतील. त्या दिवशी ताईंनी विचारलं तेव्हा मला वाटलं, आता सांगतील." त्यानं जाळीची टोपी सारखी केली. "हे वाक्य तिथे बोलायला हवं होतं. इथे मी याचं काय करू?"

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावायला सुरुवात केली, नेहमी करायचा तसं, आणि अर्ध्यावर थांबून नुसतीच मान झुकवली.

"सांभाळून जा," तो म्हणाला. यावेळी 'येतो' म्हणाला नाही. इतर माणसांबरोबर तो आत गेला, आणि सगळ्यांचा गणवेश सारखा असल्यामुळे दाराशी पोचेपर्यंत तो कुठला हे मला ओळखता येईना.

मी तिथेच उभा होतो. पहारेकरी दोनदा माझ्याकडे बघून गेला. तिसऱ्यांदा जवळ येऊन म्हणाला, "आजोबा, कुणाची वाट बघताय? झाली ना भेट?"

"झाली," मी म्हणालो, आणि निघालो.